सोवळ्यातली सळई

अमरावतीच्या एमआयडीसीतल्या आमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये एकेका धातूसाठी एकेक अशी तीन टेबलं होती, आणि कोणत्या टेबलावर कोणी बसायचं हे काकाजी ठरवत. लोखंडाच्या टेबलाला कोणीही चाले. स्टेनलेस स्टीलच्या टेबलाला माणूस जरा बरा लागे. अल्युमिनियमच्या टेबलावर ते स्वतः बसत, आणि त्यासाठी रोज सकाळी शेडच्या मागच्या नळावर दुसऱ्यांदा आंघोळ करत. घरची आंघोळ रस्त्यातच बाटते, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकाजी आमचे हेडमिस्त्री. अंगात पांढरी बंडी, कपाळाला गंध, आणि डोक्याचे केस कायम भुरभुरीत, कारण तेल लावणं त्यांनी सोडलं होतं. तेलाचा हात सळईला लागला की अल्युमिनियमच्या वेल्डमध्ये बारीक बारीक भोकं पडतात. आता हे शंभर टक्के खरं आहे. काकाजींच्या बाबतीत हीच तर पंचाईत होती. त्यांच्या प्रत्येक खुळात मूठभर खरं असायचं, आणि त्या मुठीच्या जोरावर बाकीचं पोतंभर खपून जायचं.

मी दर्यापूरच्या बाजूची. आयटीआयमधून वेल्डरचं सर्टिफिकेट घेऊन त्या शेडमध्ये लागले, आणि लागल्याबरोबर माझ्या हातात ग्राइंडर आला. वेल्डिंग बाकीच्यांनी करायचं, मी ते घासायचं. घरी बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘दसऱ्यापर्यंत पाहू. वेल्डर झाली तर राह्य अमरावतीले, नाईतर परत ये. घासाचंच असन तर घरी भांडे कमी नाईत.’ म्हणजे मला टेबल मिळालं तर अमरावती, नाही मिळालं तर दर्यापूर आणि लगोलग मांडव. हे मी शेडमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, काकाजी शिकवायचे जीव तोडून. टिग वेल्डिंगमध्ये उजव्या हातात टॉर्च असते, डाव्या हातात फिलरची सळई आणि पायाखाली करंट कमी-जास्त करायचं पेडल. टॉर्चमधल्या विजेच्या झोताखाली पत्रा वितळून एवढंसं तळं होतं. त्या तळ्याच्या पुढच्या काठाला सळईचं टोक टेकवायचं, थेंबभर द्यायचं आणि मागे घ्यायचं. पुन्हा पुढे सरकायचं, पुन्हा टेकवायचं. काकाजी याला घास भरवणं म्हणत.

‘पत्र्यानं तोंड उघडलं नाई अन् तू घास कोंबून राहिली,’ ते माझ्या मागे उभे राहून म्हणत. ‘थांब. त्याले चकचकीत होऊ दे. आता दे. दिला ना? मंग हात मांगं घे. पण लय मांगं नोको, टोक गॅसच्या पांघरुणातच राहू दे. बाहेर काढलं का त्याले हवा लागते.’

आणि टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सुईला सळई लागली की कपाळावर हात मारून घेत. ‘बाटवली. घास डोळ्यात घातला इनं.’ मग सुई काढायची, घासायची, पुन्हा लावायची. पहिल्या महिन्यात मी वेल्डिंगपेक्षा सुयाच जास्त घासल्या. त्यांची स्वतःची वेल्ड मात्र वेणी घातल्यासारखी यायची, एकेक पेड सारखा. त्या वेणीकडे पाहिलं की माणसाचा राग निम्मा व्हायचा. उरलेला निम्मा ते तोंड उघडून परत मिळवून देत.

सराव मी करायचा तो केबलमधून सोललेल्या जुन्या तारांवर. खऱ्या सळयांना हात लावायची मला परवानगी नव्हती. त्या काकाजींनी सोवळ्यात ठेवल्या होत्या. सळयांच्या भोवती धुतलेलं धोतर, धोतराभोवती पीव्हीसीचा पाइप, पाइपाला दोन्हीकडून झाकणं आणि एका झाकणाला कुलूप. संध्याकाळी कधी मनात आलं तर तो पाइप स्कूटरला उभा बांधून घरी नेत. एकदा राजकमल चौकात पोलिसाने अडवलं आणि पाइप उघडायला सांगितलं. काकाजींनी त्याला शांतपणे विचारलं, ‘आंघोळ झाली का साहेब?’ पोलिसाने त्यांना तासभर उभं केलं. दुसऱ्या दिवशी ते ही गोष्ट विजयी चेहऱ्याने सांगत होते. पाइप उघडला होता, पण पोलिसाने नाही, त्यांनी स्वतः.

लोखंडाच्या टेबलावर सलीमभाई होते. काकाजींच्या बरोबरीने लागलेले, हात त्यांच्याइतकाच चांगला. शेडचे मालक शेठ कधी म्हणाले की सलीमभाईला अल्युमिनियमवर बसवू, तर काकाजी मान हलवत. ‘त्याले लोखंडच जमते. लोखंडाले काई चालते जी, अल्युमिनियम नाजूक जात आहे.’ कारण काय, तर सलीमभाईंच्या डब्यात काय असेल ते सांगता येत नाही. सलीमभाई बिचारे वर्षानुवर्षं वांग्याची भाजी आणत. मला म्हणाले, ‘बेटा, मैंने तो सोचना छोड दिया. लोहे ने मुझे कभी नहीं पूछा, क्या खाके आया.’

मी आल्यावर काकाजींना नवीनच काळजी लागली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं, नजर छपराकडे लावली आणि म्हणाले, ‘पोरी, महिन्यातले ते चार दिवस तू टेबलाजवळ येऊ नोको. सळई काळी पडते.’ मी विचारलं, कशाने? ते म्हणाले, ‘शास्त्र आहे.’ कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मला तेव्हा इतका संताप आला होता की हातातला ग्राइंडर तसाच चालू राहिला आणि बाकाचा कोपरा खाऊन गेला.

मग दर महिन्याला विचारायची त्यांनाच लाज वाटायला लागली, म्हणून त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला. ते दिवस असले की मी माझा एप्रन त्या खिळ्याला अडकवायचा, म्हणजे न बोलता कळेल. आता याहून उघड बोलणं कोणतं असतं? आख्ख्या शेडचं लक्ष त्या खिळ्याकडे. ट्रान्सपोर्टवाला ड्रायव्हरसुद्धा आत आला की आधी खिळा बघायचा. एके दिवशी सलीमभाईंनी काही न बोलता आपलाच एप्रन तिथे टांगला आणि लोखंडाच्या टेबलावर जाऊन बसले. काकाजी दिवसभर सलीमभाईंच्या जवळून जाताना दोन हात लांबून गेले.

त्याच उन्हाळ्यात आम्हाला अकोल्याला जावं लागलं. तिथल्या एका बर्फाच्या कारखान्यात कुल्फीचे अल्युमिनियमचे साचे गळत होते. मे महिना, आणि अकोला म्हणजे काय सांगायचं, तिथे सावलीतसुद्धा घाम पुसायला दुसरा रुमाल लागतो. काकाजींनी आधी आख्ख्या कारखान्याला स्वच्छतेवर भाषण दिलं. मग सगळे कूलर आणि पंखे बंद करायला लावले, कारण वाऱ्याने गॅस उडतो. हेही खरंच होतं. कारखान्याचे मालक, त्यांचे दोन कारकून आणि मी असे चौघे भिंतीला पाठ लावून घामाने निथळत उभे. काकाजींनी तळं केलं, सळई पुढे नेली, आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा टपोरा थेंब बरोबर तळ्यात पडला. फट्टकन उडालं. साच्याला भोक पडलं ते वेगळंच.

काकाजींनी मास्क वर केला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. ‘तू श्वास घेतला,’ ते म्हणाले.

कारखान्याच्या मालकांनी घाईघाईने मान डोलावली. त्यांना बहुतेक कूलर लवकर सुरू करायचा असावा.

पुढे पावसाळ्यात काकाजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला. ते कोणाला कळू नये म्हणून ते आधीपेक्षा मोठ्याने ओरडायला लागले. पण शेठच्या लक्षात यायचं ते आलं. दिवाळीच्या आधी ट्रकच्या डिझेल टाक्यांची मोठी ऑर्डर होती, सगळ्या अल्युमिनियमच्या, आणि एका डोळ्याने ती होणार नव्हती. शेठ तसे भांडणाला भिणारे गृहस्थ. पण एका दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ‘दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक टाकी पूर्ण या पोरीच्या हातची होऊ द्या. हवा भरून हौदात बुडवू. बुडबुडा आला नाई तर अल्युमिनियमचं दुसरं टेबल लावू, ते तिचं. आला तर पुढं विषय काढाचा नाई.’

काकाजी म्हणाले, ‘मायी हरकत नाई. पण सळया मी देईन.’

त्यासाठीच्या नवीन सळयांची पेटी आली घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. काकाजी ती उचलून घरी घेऊन गेले. नवरात्रातले नऊ दिवस सळया घटाशेजारी ठेवायच्या, देवीचं तेज उतरू द्यायचं, आणि दसरा झाला की शेडमध्ये आणायच्या. यापेक्षा स्वच्छ जागा आख्ख्या अमरावतीत नाही, असं ते म्हणाले. मला काय, मी मान हलवली. मी ते नऊ दिवस फुटक्या पातेल्यांवर हात बसवत होते. केटरिंगवाले त्यांची मोठमोठी जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमचीच, पातेली दुरुस्तीला टाकून गेले होते, त्यांच्या तळांवर मी घास भरवून भरवून झोपेतसुद्धा डावा अंगठा हलवायला लागले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप आला. काकाजींनी दुसरी आंघोळ केली, माझे हात साबणाने तीनदा धुवायला लावले, खिळ्याकडे एकदा पाहिलं आणि मग सळया दिल्या. हातात घेतल्याबरोबर मला त्या किंचित चिकट वाटल्या. पण देवीजवळच्या सळया, त्यांना चिकट म्हणायची माझी काय टाप. मी सुरुवात केली.

पहिल्याच घासाला तळ्यात काळे ठिपके तरंगले. मी थांबले, पत्रा पुन्हा घासला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ठिपके. करंट बदलून पाहिला, गॅस वाढवून पाहिला. हात चुकत नव्हता, ते मला कळत होतं, सुईला एकदाही सळई लागली नव्हती. पण मागे वळून पाहिलं तर माझी वेणी उवा पडल्यासारखी दिसत होती. दुपारपर्यंत टाकी पूर्ण झाली. सलीमभाईंनी हवा भरली आणि आम्ही दोघांनी मिळून ती हौदात दाबली.

बुडबुडे आले. एका जागेतून नाही, चारी जोडांतून, जिलेबीच्या कढईसारखे. शेठनी नुसतं ‘अरेरे’ म्हटलं आणि मोबाइल काढला. माझ्या डोळ्यांपुढे दर्यापूरची एसटी उभी राहिली.

काकाजी हौदाजवळ आले. सगळी शेड गोळा झालेली, टेम्पोवालेही त्यात. आणि त्यांनी विचारलं, छपराकडे न पाहता, चांगलं मोठ्याने, ‘खरं सांग पोरी, तुयी अडचण होती का नाई?’

आजही ते आठवलं की माझे कान तापतात. मी म्हणाले, ‘नाही.’ ते म्हणाले, ‘मंग हे कायनं झालं? या सळयाईले आजवर बाईचा हात लागला नाई. नऊ दिवस देवीजवळ होत्या. तुया हातात आल्या अन् काळ्या पडल्या.’

‘काहून जी, मी तर रोजच पुसत होती त्या.’

दारात काकू उभ्या होत्या, काकाजींच्या पत्नी. पाइप सांभाळण्याच्या नादात काकाजी डबा घरीच विसरले होते, तो घेऊन त्या ऑटोने आल्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात आम्हा सगळ्यांसाठी आपट्याच्या पानांची पिशवी. त्या शेडमध्ये पहिल्यांदाच येत होत्या.

‘तू कायले पुसत होती?’ काकाजी म्हणाले.

‘मंग? अखंड दिवा, त्याची काजळी, वरून धूप. सारी तेलकट काजळी तुमच्या सळयाईवर बसे. तुमी सकाळी पूजा करून इकडे आले का मी पुसून काढत होती.’

‘कायनं?’

‘समईच्या फडक्यानं. देवाजवळचंच आहे थे, जी.’

शेठनी खिशातला पांढरा रुमाल काढला, पाइपातून एक सळई ओढली आणि रुमालात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसली. रुमालावर काळी तेलकट रेघ उमटली, काजळ घातल्यावर बोटावर राहते तशी. शेठनी रुमाल काकाजींच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला.

एवढ्यावर कोणीही खाली मान घालून गप्प बसला असता. काकाजींचं डोकं मात्र भलतीकडेच गेलं होतं. ते काकूंकडे बघत होते. ‘पण तिसऱ्या माळेपासून तू तर बाहेर होती ना?’

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हौदाकडे. मग म्हणाल्या, ‘होती.’

‘तरी देवघरात गेली?’

‘गेली. तुमी इथं, घरात दुसरं कोणी नाई. काजळी कोण पुसन?’

काकाजी जाऊन स्टुलावर बसले. खरं तर सुटायचा रस्ता त्यांना मिळाला होता. बाई होती, अडचण होती, सळया काळ्या झाल्या होत्या. त्यांचं शास्त्र त्यांच्याच घरात सिद्ध झालं होतं. थोड्या वेळाने ते उठले, स्कूटरच्या डिकीतून गोमूत्राची बाटली काढून आणली आणि सळयांवर शिंपडायला निघाले. शेठनी, त्या भांडणाला भिणाऱ्या माणसाने, झडप घालून सळया आपल्या पोटाशी धरल्या. ‘काकाजी, तेल तर लागलंच, अन् आता पाणी टाकता का? जा, जेवून घ्या. उद्या पुन्हा टाकी होईल. सळया ही पोरगी साफ करन.’

दुसऱ्या दिवशी मी एकेक सळई ॲसिटोनने पुसली, कोऱ्या फडक्यावर डाग येईनासा होईपर्यंत. काकाजी पाठ करून बसले होते. या वेळी तळं आरशासारखं आलं, घासागणिक पुढे सरकत गेलं, आणि शेवटच्या जोडाला तर मला गाणं म्हणावंसं वाटलं. टाकी हौदात दाबली तेव्हा सलीमभाई पाण्यावर ओणवे होऊन बराच वेळ बघत राहिले. मग शेठना म्हणाले, ‘कुछ नहीं है. टेबल दे दो.’ मी बाबांना फोन लावला आणि तो सलीमभाईंच्या हातात दिला, त्यांनीच सांगितलं. पुढच्या आठवड्यात अल्युमिनियमचं तिसरं टेबल लागलं, ते सलीमभाईंना. तो खिळा मी उपटला नाही, त्याला आता कॅलेंडर आहे.

काकाजींनी त्यांचं मत काही बदललं नाही. ते म्हणत, ‘टाकी चांगली झाली कावून? सळयाईचं तेज आतमंधी होतं, वरून फक्त काजळी होती.’

पण काकू त्या दिवशी परत निघाल्या, तेव्हाचं सांगायचं राहिलं. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले होते. टाकी फुकट गेली होती, दुसरी कशी होते ते माहीत नव्हतं, तरी मला रडायला आलं ते वेगळ्याच कारणाने. मी म्हणाले, ‘काकू, तुम्ही कशाला बोललात? आता घरी तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.’

‘आयकीन. देवघर धुवा लागन, बस. थे बी मलेच धुवा लागन.’ त्यांनी ऑटोला हात केला. मग आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. ‘तुले म्हणून सांगतो व. माये ते दिवस कधीचेच गेले. मी त्याईले सांगतलंच नाई.’

मला कळेना. त्या ऑटोत बसल्या, पदर आवरून घेतला.

‘महिन्याचे चार दिवस मी ओसरीत बसतो. सैपाक ते करते, भांडे ते घासते, पाणी ते भरते. मी पडल्या पडल्या पेपर वाचतो. लगन झाल्यापासून मले दुसरी सुट्टी कोण देली? आता तिथं सगळ्याईसमोर अडचण नव्हती म्हटलं असतं, तर मायी सुट्टी गेली असती. सांगजो नोको बरं त्याईले.’

मी नाही सांगितलं. काकाजी आता शेडमध्ये येत नाहीत. मागच्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी घरी भेटायला गेले. ओसरीत चटईवर काकू पेपर वाचत पडल्या होत्या. आतून फोडणीचा वास येत होता आणि भांडी आपटत होती. काकू सरकून बसल्या आणि मला शेजारी जागा केली.

‘कोण आलं?’ काकाजींनी आतून विचारलं. मी नाव सांगितलं.

‘बस बस. डोळा झ्याक झाला, डॉक्टर म्हणे आता सगळं दिसन,’ ते म्हणाले. ‘पण तिले शिवू नोको व पोरी. तिची अडचण आहे.’

काकूंनी पेपरचं पान उलटलं. त्यांना या वर्षी पासष्टावं लागलं.